सुधारणेचा तक्ता

गोळी सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी मी पहाटे साडेपाचला उठले, ओटा घासला, घासलेला ओटा पुन्हा घासला, फळीवरचे सगळे डबे उतरवून धुतले आणि सात वाजेपर्यंत बावीस पोळ्या लाटून ठेवल्या. खाणारी माणसं तीन. चार महिने जी बाई दात घासायलासुद्धा पलंगावरून उठत नव्हती तिने हे केलं म्हटल्यावर घरात आनंदीआनंद झाला. माझी मुलगी सुरभी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझा व्हिडिओ काढत होती. नवरा चहाचा कप हातात धरून नुसता बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. मला त्या दोघांना लाटणं फेकून मारावंसं वाटत होतं.

"आई, तू तो एकदम पहले जैसी हो गई," सुरभी म्हणाली. "मावशीला भेज दूँ?"

"भेज," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी मी नवऱ्याला 'अहो'च म्हणते. पण लिहिताना दर ओळीला 'हे' आणि 'ह्यांनी' कोण करत बसणार, म्हणून इथे त्यांना श्रीनाथ म्हणते. श्रीनाथ झाशीजवळच्या एका सरकारी कंपनीत ट्रान्सफॉर्मर तपासतात. तयार झालेला ट्रान्सफॉर्मर गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्याला तऱ्हेतऱ्हेने छळायचं आणि त्याने ते कसं सोसलं याचे आकडे लिहायचे, हे त्यांचं काम. नाशिक सोडून आम्ही इथे आलो तेव्हा सुरभी दोन वर्षांची होती. आता ती बी.एस्सी.ला आहे, मराठी सगळं कळतं आणि उत्तर हिंदीत देते. लक्ष्मी गेटजवळच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. घर लहान आहे, पण डोक्यावर गच्ची आमची स्वतःची.

सप्टेंबरात मी आडवी झाले ती उठलेच नाही. कुणी गेलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. कारण विचारणाऱ्यांचा मला फार राग येतो, कारण ते माझ्याकडेही नाही. नाशिकच्या नणंदेने फोनवरून तीन उपास सांगितले, एक अंगारा पाठवला. डिसेंबर संपेपर्यंत माझे केस सुरभी विंचरत होती. शेवटी श्रीनाथनी सदर बाज़ारमधल्या डॉक्टर खऱ्यांची वेळ घेतली. पाटीवर खरे हे नाव वाचून त्यांना वाटलं, चला, आपला माणूस मिळाला. आत गेल्या गेल्या त्यांनी 'नमस्कार डॉक्टर, मूळचे कुठले?' असं चक्क मराठीत विचारलं. डॉक्टर निघाले चिरगाँवचे. बुंदेलखंडातही खरे असतात हे अठरा वर्षं इथे राहून श्रीनाथना ठाऊक नव्हतं. माणूस मात्र भला होता. मला म्हणाले, "शुरू में जी मिचलाएगा, मुँह सूखेगा, थोड़ी बेचैनी हो सकती है। आठ-दस दिन निकाल लीजिए। ज़्यादा लगे तो रुकिएगा मत, फ़ोन कीजिएगा।" आणि चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहून दिला. अकरा दिवसांनी परत बोलावलं.

त्याच संध्याकाळी श्रीनाथनी तक्ता केला. सुरेख, पट्टीने आखलेला, फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला. पलंगाबाहेरचे तास, आदल्या संध्याकाळपासून मोजलेले. पोळ्या. पावलं, ती मोबाइलवरून. गच्चीच्या फेऱ्या. रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले की चपला काढायच्या आधी हातात पेन. पहिल्या दिवशी पलंगाबाहेर दीड तास, पोळ्या शून्य, पावलं तीनशे दहा. चौथ्या दिवशी साडेसतरा तास, पोळ्या बावीस, पावलं चौदा हजार. त्यांनी लाल पेनने आकड्यांखाली एक रेघ मारली आणि सुरभीला पेढे आणायला पिटाळलं.

आता मला काय होत होतं ते सांगते. मळमळ होती, ती खडीसाखर तोंडात ठेवून निभली. तोंड कोरडं पडायचं, त्याला आवळासुपारी होती. जबडा आवळलेला असायचा, जांभया यायच्या, पण झोप म्हणाल तर चार तास. हे सगळं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे त्याची मी फार पत्रास ठेवली नाही. पण पाय. पाय मला बसू देईनात. खुर्चीवर टेकले की मांड्यांच्या आतून कुणीतरी ऊठ, ऊठ म्हणून ढोसायला लागायचं. उठले की वाटायचं चालावं. चालले की पाच मिनिटं बरं वाटायचं आणि मग कळायचं की चालणंही हे नव्हे. बैठकीपासून मोरीपर्यंत अकरा पावलं, वळायचं, अकरा पावलं. पोळ्या मी कुणाच्या पोटासाठी लाटत नव्हते. हातांना काहीतरी हवं होतं म्हणून लाटत होते.

गंमत अशी की ते पलंगावरचे चार महिने वाईट होते, पण त्यांत निदान अंग माझ्या ताब्यात होतं. माझ्याच अंगाने मला घराबाहेर काढावं, तसं आता झालं होतं.

पाचव्या दिवशी, रविवारी, मी सांगायचा प्रयत्न केला. श्रीनाथ गच्चीवर उन्हात बसून हरभरे सोलत होते. जानेवारीत झाशीत सगळा मोहल्ला गच्चीवरच असतो, बायका तिथेच भाजी निवडतात, मुलं तिथेच अभ्यास करतात. मी त्यांच्याभोवती फेऱ्या मारत म्हटलं, "अहो, मला हे बरोबर वाटत नाही. मला बसवत नाही."

"मग नको बसू," ते हसून म्हणाले. "चार महिने बसलीच होतीस की."

"तसं नाही. आतून काहीतरी हाकलतंय."

त्यांनी हरभऱ्याचे घाटे बाजूला ठेवले आणि मला समजावून सांगायला घेतलं. फार प्रेमाने सांगत होते, म्हणून तर जास्त चीड आली. नवा ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदा पूर्ण भारावर घेतला की तो तापतो. तास-दोन तास तापतच जातो. नवशिका इंजिनियर घाबरून बंद करतो आणि सगळी चाचणी वाया जाते. जुना माणूस बंद करत नाही, नुसता आकडे लिहीत राहतो. पुढे तापमान आपोआप एका जागी थांबतं. "तुझं तेच चाललंय, नंदा. भार घेतलाय तू. डॉक्टर म्हणाले नाहीत का, आठ-दहा दिवस? आता मधेच घाबरायचं नाही."

आणि मी गप्प बसले. इथे सगळा दोष त्यांच्यावर ढकलून मोकळी होणार नाही. मी गप्प बसले कारण मला धास्ती होती. फोन केला तर डॉक्टर म्हणतील, गोळी बंद करा. गोळी बंद झाली की मी परत त्या पलंगावर. तोच पंखा, तीच पोपडे आलेली भिंत, केस विंचरणारी सुरभी आणि तिचा तो जपून जपून काढलेला आवाज. त्यापेक्षा चालून चालून पाय तुटले तरी चालतील, असं मी ठरवलं. शिवाय अठरा वर्षांत पहिल्यांदाच श्रीनाथ घरात शीळ घालत होते. ती बंद करायची माझी हिंमत नव्हती.

मंगळवारी, सातव्या दिवशी, मी सकाळपासून नऊ वेळा गच्चीवर गेले होते. घरात कुणी नव्हतं. दहाव्यांदा वाळलेले कपडे काढायला गेले आणि कपडे न काढताच चालत राहिले. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. ऊन छान होतं, शेजारच्या गच्चीवर रेडिओ चालू होता. मला मरायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. फक्त हे थांबायला हवं होतं, काहीही करून, आत्ताच्या आत्ता. आणि एका फेरीला कठडा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वळत नाहीये. मी उभी आहे आणि कठडा किती उंच आहे ते बघते आहे.

मी तिथेच खाली बसले. पाय ढोसत होते, तरी बसले. मग बसूनच सरकत सरकत जिन्यापर्यंत आले, एकेक पायरी बसूनच उतरले, गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन शेजारी मधुभाभींकडे गेले. मधुभाभी मटार सोलत होत्या.

"ये चाबी आप रख लीजिए," मी म्हटलं. "ऊपर बंदर बहुत आ रहे हैं, और मुझसे चाबी खो जाती है।"

"तो कपड़े कहाँ सुखाओगी?"

"नीचे।"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझे पाय जागच्या जागी चालत होते, ते त्यांना दिसले असणार. बाई मोठी बोलघेवडी, एरवी साऱ्या गल्लीची खबर काढतील, पण त्या दिवशी त्यांनी किल्ली मुकाट्याने पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाल्या, "माँगोगी तो पूछ के दूँगी।"

संध्याकाळी श्रीनाथनी तक्ता भरला. पावलं एकोणीस हजार. त्यांच्या मोबाइलवर कंपनीतल्या मित्रांचा गट आहे, त्यावर त्यांनी नुसता आकडा टाकला आणि तिघांनी अंगठे पाठवले. आजच्या नऊ फेऱ्या मी त्यांना सांगितल्या. दहावी सांगितली नाही.

बुधवारी फेऱ्या शून्य. श्रीनाथनी विचारलं, मी माकडांचं सांगितलं. ओल्या कपड्यांच्या दोऱ्या बैठकीत बांधल्या, आणि त्यांच्याखालून वाकून वाकून मी चालत राहिले. गुरुवारी दुपारी दोन वाजता मी मधुभाभींच्या दारात उभी होते. किल्ली मागायला आले होते. कशाला, ते मी स्वतःला विचारलं नव्हतं. तोंडाने म्हणत होते, चादरी वाळत नाहीत, वरती टाकाव्यात. हात कडीपर्यंत गेला. आतून त्यांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, कुकरच्या. मी तीन मोजल्या आणि परत फिरले. घरात येऊन डॉक्टरांचा नंबर असलेली चिठ्ठी काढली, नंबर लावला, पहिल्या घंटीला बंद केला. डॉक्टरांचा उलटा फोन आला तो मी घेतला नाही. परवा शनिवारच आहे, म्हटलं. दोन दिवस. दोन दिवस कुणीही काढेल.

शुक्रवारी कॅन्टोन्मेंटात अनुश्रीकडे हळदीकुंकू होतं. अनुश्रीचा नवरा फौजेत आहे, बबीन्याहून नुकताच इकडे आलाय. झाशीत आम्ही मराठी बायका मोजून बारा-पंधरा, त्यामुळे न जाऊन चालत नाही. सुरभीने मला हिरवी पैठणी नेसवली. तिथे गालिच्यावर सगळ्या मांडी घालून बसल्या आणि मी उभीच. तिळाच्या वड्यांचं ताट अनुश्रीच्या हातातून घेतलं आणि सगळ्यांना फिरवलं. मग पाणी फिरवलं. मग रिकामे पेले गोळा केले. वाण घ्यायला दोन मिनिटं बसावं लागतं, तेवढीसुद्धा मी उकिडवी बसले.

"अलकनंदाताई, काय उत्साह हो तुमचा," अनुश्री म्हणाली. "आणि आम्ही ऐकलं होतं तुम्ही आजारी आहात. डॉक्टर कोण? माझ्या जाऊबाईंना हवेत."

मी डॉक्टरांचं नाव सांगितलं. परतताना रिक्षात मी रडले. सुरभीला वाटलं आनंदाने. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पापा बोल रहे थे, कल डॉक्टर देखेंगे तो डोज़ बढ़ाएँगे, फिर तू और ठीक हो जाएगी."

डोस वाढणार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सरळ हिशेब होता: तक्ता चांगला, म्हणजे गोळी लागू पडली, म्हणजे थोडी आणखी द्या. इतके दिवस मला गोळी बंद होण्याची भीती होती, आता ती दुप्पट होण्याची. आणि दोन्ही भीत्यांच्या मधे बोलायला तोंड एकच, तेही आवळलेलं.

शनिवारी अकराला आम्ही दवाखान्यात पोचलो. श्रीनाथनी तक्ता साफ कागदावर पुन्हा उतरवून आणला होता, खाली आलेखसुद्धा काढला होता. मला खुर्ची दिली, मी म्हटलं उभीच बरी. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्या पायांकडे एकदा पाहिलं, पण श्रीनाथ बोलायला लागले होते.

"सर, पहले दिन से देखिए। डेढ़ घंटा, फिर चार, फिर नौ, और ये सीधे साढ़े सत्रह। कदम देखिए। रोटियाँ देखिए। चार महीने में जो नहीं हुआ वो दस दिन में हो गया।" त्यांनी बोट आलेखावर ठेवलं. "मैं तो आपका जितना धन्यवाद करूँ..."

डॉक्टर कागद वाचत होते. वरून खाली, सावकाश, एकेक रकाना. त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"ये छत वाला। तीन, पाँच, सात, नौ... और मंगलवार के बाद शून्य, शून्य, शून्य। बाक़ी सब बढ़ रहा है, ये एकदम बंद। जाड़े की धूप में छत किसने छोड़ी?"

"बंदर आते हैं सर," श्रीनाथ म्हणाले.

"आपसे नहीं पूछा," डॉक्टर शांतपणे म्हणाले आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे वळले. "आप बताइए।"

मला वाटलं होतं, बोलायची वेळ आली की शब्द सुचणार नाहीत. सुचले, पण हिंदी गेली. अठरा वर्षांची हिंदी, भाजीवाल्याशी भांडायची, बँकेत अर्ज लिहायची, सगळी गेली, आणि मी डॉक्टरांकडे बघत मराठीत बोलले. "मंगळवारी मी कठड्यापाशी उभी राहिले. मला मरायचं नाही. पण हे पाय थांबावेत म्हणून मी काय करीन त्याचा मला भरवसा वाटला नाही. म्हणून कुलूप घातलं आणि किल्ली शेजारी दिली. परवा ती परत मागायलासुद्धा गेले होते. मी बरी झालेली नाही. मी चालते कारण मला थांबताच येत नाही."

डॉक्टरांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी श्रीनाथकडे पाहिलं. "क्या कहा इन्होंने? शब्द-शब्द बताइए।"

आणि श्रीनाथना ते हिंदीत सांगावं लागलं. माझा नवरा, माझ्याशेजारी उभा राहून, माझी वाक्यं एकेक करून परक्या माणसाला सांगत होता. 'पैर रुक जाएँ इसलिए' पर्यंत ते नीट आले. किल्लीपाशी अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले. डॉक्टरांनी घाई केली नाही. तिसऱ्यांदा श्रीनाथनी ते वाक्य पूर्ण केलं आणि मग मला दिलेल्या खुर्चीवर स्वतःच बसले.

पुढचं डॉक्टर बराच वेळ बोलले, त्यातलं मुख्य सांगते. ही माझ्या आजाराची वाढ नव्हे आणि सुधारणा तर नव्हेच. काही जणांना ही गोळी अशी चढते, पाय घेऊन पळते, आणि मग नको ते विचार येतात. हे त्यांच्या ओळखीचं आहे आणि त्यावर इलाज आहे. ही गोळी आजपासून बंद, दुसरी द्यायची, ती अगदी थोडीपासून. पायांसाठी एक छोटी गोळी, दोन-तीन दिवसांत फरक पडेल. तोवर मी घरात एकटी राहायचं नाही. किल्ली आहे तिथेच राहील. फोन उचलायचा, आणि लावला तर पहिल्या घंटीला कापायचा नाही.

"तो मैं फिर बिस्तर पर..." माझी हिंदी परत आली होती.

"नहीं," ते म्हणाले. "दवा बदल रहे हैं, इलाज नहीं छोड़ रहे। आपने मंगलवार को ही फ़ोन किया होता तो मंगलवार को ही बदल देते।" ते रागावले होते आणि ते मला बरं वाटलं. अकरा दिवसांत माझ्यावर कुणी रागावलंच नव्हतं.

परतताना श्रीनाथनी औषधाच्या दुकानापाशी स्कूटर थांबवली. गोळ्या घेतल्या, नावं दोनदा ताडून पाहिली. घरी आल्यावर सोमवार-मंगळवारची रजा फोनवरून सांगितली. सुरभी कॉलेजातून यायची होती. त्यांनी एक खुर्ची बैठकीच्या मधोमध आणून ठेवली आणि त्यावर बसले. मी चालत होते. अकरा पावलं, वळायचं, अकरा पावलं. मी मोरीकडे गेले की ते मोरीकडे तोंड करत, मी खिडकीकडे गेले की खिडकीकडे.

"आत्ता कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

हे त्यांनी गेल्या अकरा दिवसांत निदान वीसदा विचारलं होतं, आणि दर वेळी मी 'छान' म्हणायच्या आत त्यांचं पेन निघालेलं असायचं. आज हात गुडघ्यांवर होते, रिकामे.

"वाईट," मी म्हटलं. "फार वाईट."

त्यांचा चेहरा उतरला. मी तो उतरू दिला.

"किती वाईट?" ते म्हणाले. "सगळं सांग. कठड्यापासून सांग."

मी चालता चालता सांगायला लागले.